दुसरा आवाज

कर्नल बर्डेट टॅकेटला या सौद्यात चारशे साठ पोती मीठ मिळणार होतं. पैकी दोनशे त्याच्या स्वतःच्या डुकरांना खारवायला लागणार, उरलेली दोनशे साठ तो डोंगरातल्या लहानसहान कर्नलांना दीडपट भावाने विकणार, आणि त्या नफ्यात सहा घोडे येणार. हा हिशोब तो घरूनच करून आला होता. आमच्या पडूका गावच्या कोठीच्या पायऱ्या चढतानाच त्याच्या मिशीत ते सहा घोडे दिसत होते. बदल्यात द्यायचं होतं फक्त एक मूल. तेही कायमचं नाही. सात वर्षांत कधीही मीठ फेडावं, मूल घोड्यावर पुढ्यात घ्यावं आणि घरी जावं.

मुलगी सात वर्षांची होती. नाव डेल्फा. काट्यावर बसवली तर भरली एक्कावन्न पौंड. आमची तोलारीण व्हर्ना स्ट्राउड हिने एकदा मुलीच्या मनगटाकडे पाहिलं, एकदा दांडीकडे पाहिलं, आणि मुलीला खाली उतरवून तिच्या झग्याची शिवण चाचपली. शिवणीत शिशाच्या गोळ्या होत्या.

"कर्नलसाहेब," व्हर्ना म्हणाली, "पोरीचा झगा फार भारी कापडाचा आहे हो."

"आईने शिवलाय. बायका काय काय भरतात, मला काय ठाऊक," कर्नल म्हणाला.

झगा काढून, परकरावर बसवून पुन्हा तोललं. शेहेचाळीस. म्हणजे चारशे साठ पोती, घरच्या हिशोबाइतकीच; शिशाची वरची पन्नास गेली.

ज्यांनी आयुष्यात कधी काटेकरी पंथाकडून मीठ उचललं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. आम्ही कर्नलच्या शब्दावर मीठ देत नाही, त्याच्या मुलावर देतो. मुलाचे जितके पौंड, त्याच्या दसपट पोती. मग दर साली पहिलं हिंव पडलं की डुकरं कापायच्या आठवड्यात ते मूल पुन्हा काट्यावर बसतं, आणि त्या दिवशी भरेल त्याच्या दसपट फेड. वाढलेला एकेक पौंड म्हणजे दहा पोती वर. आमच्या मूळ पुरुषांनी व्याज घेणं पाप ठरवलं आहे आणि पंथाने ते आजवर पाळलं आहे. आता मूल वाढतं, त्याला आम्ही काय करणार. सातव्या तोलापर्यंत फेड झाली नाही, तर मूल पंथाचं आणि त्याच्यासोबत गहाण ठेवलेली मिळकतही पंथाची. टॅकेटने गहाण ठेवला होता आपला धक्का आणि तरीचा, म्हणजे नावेने लोकांना पार उतरवण्याचा, हक्क. तो धक्का कंबरलँड नदीच्या अगदी तोंडावर होता. तो ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवाचून त्या नदीतून भोपळाही बाहेर पडायचा नाही.

त्या काळी पंथाचे धक्के सात होते आणि कर्नल लोक आम्हाला बघून टोपीला हात लावत नसत. कोठीचे थोरले, ॲम्ब्लर प्रुइट, भिंतीवरच्या नकाशात कंबरलँडच्या तोंडावर रोज सकाळी बोट ठेवायचे. तिथला कागद बोटाने काळा पडला होता. मी ईनक टब्ज, कोठीचा कारकून. बोट कुठे पडतं ते बघणं हे माझं अर्धं काम, उरलेलं अर्धं लिहिणं.

पहिली दोन वर्षं मुलगी माळ्यावरच्या खिडकीतच असायची. तिथून तिचं घर दिसत नव्हतं. दिसत होते मागच्या जगातल्या जुन्या लोकांच्या पुलाचे पाण्यात उभे राहिलेले खांब, आणि त्यांच्या पलीकडे नदीचं वळण. पण टॅकेटची नाव आठवड्यातून दोनदा त्या वळणावरून यायची, म्हणून ती वळणाकडे बघायची. तरीवाला कूट दोर बांधायच्या आत ही धक्क्यावर हजर.

"कूट, पाइपरला पिलं झाली का?"

"पाइपर कुत्रा आहे गं बाई, कुत्री नाही."

"मग कुणाला झाली?"

"त्या चांदव्या कुत्रीला झाली. पाच."

"कुठल्या रंगाची?"

"कुत्र्याच्या रंगाची. मला माल उतरवू दे."

"काकवी झाली का काढून? कढई कुठे मांडली होती? ओढ्याजवळ की धुरीघराजवळ?"

"ओढ्याजवळ."

"दर वेळी धुरीघराजवळ मांडतात," मुलगी म्हणायची, आणि दिवसभर तिचं तोंड उतरलेलं असायचं. आपल्याला न विचारता घरात कढईची जागा बदलली, हे तिला सोसायचं नाही.

बापाची याद आली असती तर मला समजलं असतं. हिला आठवायचा धुरीघरातला हिकरीच्या लाकडाचा धूर, ज्वारीच्या काकवीवरचा हिरवा फेस, पायरीचा एक हलणारा दगड. बाप पहिल्या तोलाला आला, तेव्हा त्रेपन्न पौंड. दुसऱ्याला आला, तेव्हा साठ. दोन्ही वेळा म्हणाला, "पुढच्या साली नक्की." तिसऱ्या सालापासून कारभारी यायला लागला. मधल्या काळात बायको वारली, दुसरी केली, तिला मुलगा झाला. घोडे सहाच्या ठिकाणी नऊ झाले होते.

व्हर्नाची गोष्ट वेगळी. पंथाला लागताना आम्ही सगळेच शपथ घेतो की जमीन करणार नाही, वारस करणार नाही. ज्याला मागे ठेवून जायचं कुणी नाही, तो चोरी कुणासाठी करील, असा त्यामागचा विचार. विचार चोख आहे. फक्त अशा बाईच्या स्वयंपाकघरात सात-सात वर्षं दुसऱ्याचं लेकरू आणून ठेवलं तर काय होईल, हे मूळ पुरुषांनी धरलं नव्हतं. व्हर्ना दांडीपाशी दगड, चुलीपाशी लोणी. डेल्फाच्या आधी तिच्या हाताखालून तीन मुलं गेली होती. तिघंही गुबगुबीत होऊन गेली आणि तिघांचेही बाप व्हर्नाला शिव्या देत गेले.

दहाव्या वर्षी मी डेल्फाला गुणाकार शिकवला. यात माझा काही वाईट हेतू नव्हता. कोठीतल्या प्रत्येक मुलाला शिकवतो. त्या साली ती अडुसष्ट भरली होती. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन माझ्यापुढे उभी.

"ईनककाका, अडुसष्ट गुणिले दहा, सहाशे ऐंशी?"

"बरोबर."

"आणि आले तेव्हा चारशे साठ?"

"बरोबर."

"मग वरची दोनशे वीस पोती कुठे गेली?"

"गेली नाहीत. तू खाल्लीस," मी म्हटलं.

गंमत केली होती. तिने पाटी पुसली, खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं.

पाव खिशात जायचा आणि खिशातून कूटला. एका बातमीला एक पाव असा भाव ठरला. कूटची तुमान कमरेत दाटायला लागली. पुढच्या तोलाला मुलगी बहात्तर, त्याच्या पुढे पंच्याहत्तर, त्याच्या पुढे सत्त्याहत्तर. उंच होत होती आणि बांबूसारखी पोकळ होत होती.

थोरले प्रुइट सहाव्या तोलानंतर स्वयंपाकघरात आले. ते तिथे सहसा येत नसत.

"व्हर्नाबाई, ही मुलगी खात का नाही?"

"तुम्ही तिला सांगितलंत ना, खाल्लेलं बापाच्या नावावर पडतं म्हणून."

"मी नाही सांगितलं."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

"लोण्याची शीग वाढवून देतो," प्रुइट म्हणाले. "साखर लागली तर मागा. पंथाच्या घरात मूल उपाशी राहिलं असा नदीवर बोभाटा व्हायला नको."

"बोभाटा व्हायला नको, की वजन कमी व्हायला नको?"

"बाई, तुम्हाला तिने खायला हवंय आणि मलाही तिने खायला हवंय. वाद कशाला."

व्हर्नाने पाठ फिरवून चुलीत लाकूड सारलं. पण लोणी तिने घेतलं. त्या महिन्यात कोठीचा लोण्याचा खर्च दुप्पट झाला आणि कूटने तुमान नवी शिवली.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. आमच्या काट्यावरचं कुठलंही वजन एकट्याच्या तोंडून वहीत चढत नाही. तोलार दांडीवरचं वजन सरकवतो, दांडी सरळ झाली की खाच वाचून आकडा पुकारतो. शेजारी उभा असलेला दुसरा माणूस ती खाच स्वतः वाचतो आणि तो आकडा पुकारतो. त्याला आम्ही दुसरा आवाज म्हणतो. दुसऱ्या आवाजाने ऐकायचं नसतं, बघायचं असतं. दोन आकडे जुळले की शाई, आणि मग देवाने खाली येऊन सांगितलं तरी तो आकडा बदलत नाही. कर्नल लोक एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आपल्या भावांवर ठेवत नाहीत, राजधानी फ्रँकफर्टच्या गव्हर्नरवर तर नाहीच नाही. पण आमच्या दोन आवाजांवर ठेवतात. पंथाकडे तलवारी नव्हत्या. हे एवढंच होतं.

डेल्फाचा आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. अकराव्या वर्षापासून व्हर्नाने तिला दुसरा आवाज केलं. तीन वर्षं त्या दोघी मिळून तंबाखू, डुकरं, मीठ, लोकर तोलत होत्या. व्हर्ना "दोनशे बारा", लगेच डेल्फा "दोनशे बारा". कधी संध्याकाळी दमून व्हर्नाची नजर चुकायची, ती "एकशे सव्वीस" म्हणायची आणि पोरगी तिकडे न बघताच "एकशे अठ्ठावीस" म्हणायची. असं तीन वर्षांत चार वेळा झालं. चारही वेळा व्हर्ना खुशीत आली. मी तिला विचारलं होतं, चूक निघाली तर एवढं हसू कसलं. म्हणाली, "माझ्या माघारी काटा उघडा पडायचा नाही, ईनक."

सातव्या सालच्या वसंतात डेल्फाने बापाला पत्र लिहिलं. कोठीतून जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जातं. मी वाचतो आणि पुन्हा लाख लावतो. पत्रात लिहिलं होतं: 'बाबा, हा शेवटचा तोल. मी ऐंशीच्या वर जाणार नाही. मी खात्रीने सांगते, कारण मी रोज लोकरीच्या काट्यावर बसून बघते. तुम्ही आठशे पोत्यांचा माल जमवा. एक कमी नको. जास्त लागणार नाही. धुरीघरामागचं पर्सिमनचं झाड आहे का? कूटला विचारलं तर त्याला झाडं कळत नाहीत.'

मी ते जाऊ दिलं. व्हर्नाला सांगितलं नाही, प्रुइटनाही सांगितलं नाही. जे मला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, ते मी जपून ठेवतो. सवय आहे. पुढे कधी उपयोगी पडेल असं वाटतं.

उन्हाळ्यात कूटकडून खबर आली की टॅकेट घोडे विकतोय. नऊचे पाच झाले, पाचाचे दोन. दुसऱ्या बायकोने भांडण काढलं तरी विकले. म्हणजे म्हातारा खरंच जमवत होता. ही बातमी सांगितल्याबद्दल त्या दिवशी कूटला चार पाव मिळाले.

आणि ऑक्टोबरात मुलगी तापाने पडली.

नदीकाठचा ताप तो, अकरा दिवस राहिला. सातव्या दिवशी प्रुइटनी सुताराला शवपेटीचं माप घेऊन ठेव म्हणून सांगितलं. व्हर्नाने सुताराला जिन्यावरून परत लावला. ती खुर्ची टाकून बसली ती उठलीच नाही. कोंबडीचं पाणी, मक्याच्या कण्या दुधात शिजवून, त्यात लोणी, चमच्या-चमच्याने. मुलीला तोंड मिटायचीही ताकद नव्हती. बाराव्या दिवशी ताप उतरला आणि भूक लागली. चार वर्षांची राहिलेली भूक ती. तीन आठवडे पोरगी खात होती. ताटलीकडे बघत नव्हती, व्हर्नाकडे बघत नव्हती. खाता खाता रडायची आणि खायची.

"बघितलंस?" व्हर्ना मला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मी एवढं सुख कधी पाहिलं नव्हतं. "गालाला रंग आला."

मी त्या वेळी पत्राचं सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "आलाय खरा."

हिंव पडलं. तोलाचा दिवस आला. सकाळी न्याहारीला डेल्फाने ताटली पुढे सरकवली.

"एवढं तरी खा," व्हर्ना म्हणाली. "बाप इतक्या वर्षांनी बघणार आहे. हाडं दाखवणार आहेस का त्याला?"

"व्हर्नामावशी, मी चौऱ्याऐंशी आहे."

"मग?"

"मी बाबांना ऐंशी लिहिलं होतं."

चूल फुरफुरत होती. व्हर्नाने मुलीकडे पाहिलं, मग हातातल्या डावाकडे.

"आठवड्यापूर्वी शहाऐंशी होते," डेल्फा म्हणाली. "सात दिवस तुमच्या नकळत पाण्यावर काढले. तेवढे दोनच उतरले."

"मला सांगायचंस ना, लेकरा."

"तुम्ही खायला घालायचं थांबला असता?"

व्हर्नाने डाव पालथा ठेवला, हात पुसले आणि काट्याच्या खोलीत गेली. मी बघत होतो. पण तिने कशाला हात लावला नाही. दांडी पुसली, साखळ्या पुसल्या, रोजच्यासारख्या.

टॅकेट दहा वाजता आला. स्वतः आला. एका घोड्यावर, मागे चार गाड्या. तंबाखूची पिंपं, हॅम, चांदीचे डॉलर, बायकोची म्हणून ओळखू येणारी एक घोंगडी. मी सगळं मोजून घेतलं. आठशे पोत्यांचा माल झाला, वर पाव पोतंही नाही. मग आवक बंद झाल्याची घंटा झाली. घंटेनंतर काटा लागतो, आणि काटा लागल्यावर बाहेरचं काही आत घ्यायचं नाही ही रीत. नाहीतर लोक तोल बघून घासाघीस करतात.

काट्याभोवती ताणलेल्या दोराच्या पलीकडे प्रुइट, टॅकेट आणि दोन साक्षी. दोराच्या अलीकडे काट्यापाशी व्हर्ना, आणि त्या दिवसापुरता दुसरा आवाज मी. तारण स्वतःच्या तोलाला आवाज देत नाही, हे उघडच आहे. दोरापासून खाचा दिसत नाहीत. त्या फक्त आम्हा दोघांना दिसतात आणि पाटावर बसलेल्याला, कारण दांडी त्याच्या डोळ्यांपुढेच असते.

डेल्फा पाटावर बसली. तिने बापाकडे पाहिलं. बाप तिला ओळखत नव्हता. शेवटची पाहिली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ही चौदाची. तो तिच्यात कुणालातरी शोधत होता. मग त्याला सापडली असावी, कारण त्याने टोपी काढली.

व्हर्नाने वजन सरकवलं. दांडी डोलली, थांबली, सरळ झाली. मी खाच पाहिली. चौऱ्याऐंशी.

"ऐंशी," व्हर्नाने पुकारलं.

आवाज रोजचाच होता. एकतीस वर्षं ती काट्यावर होती आणि एकतीस वर्षांत तिने हे केलं नव्हतं.

आता माझी पाळी होती. एक शब्द. मला तो शब्द म्हणायचा होता, हे मी इथे लिहून ठेवतो. पण माझं डोकं आधी मोजतं आणि मग बोलतं. मी मोजलं. खोटा आवाज निघाला तर पंथातून हकालपट्टी. वय अठ्ठावन्न. म्हातारपणाचं मीठ बंद. हिवाळ्यात कुठे राहायचं. निघण्याचा संभव किती, तर फार थोडा, कारण दोन आवाजांनंतर कुणी विचारत नाही. म्हणजे धोका थोडा, पण पडला तर सगळंच जाणार. इथवर येऊन मी तोंड उघडलं.

एका श्वासापेक्षा जास्त वेळ गेला नसेल. पण त्या खोलीत पहिल्या आवाजानंतर एवढी जागा कधी राहिलीच नव्हती. तीन वर्षं ती जागा ज्या मुलीने भरली होती, ती समोर बसली होती. खाच तिच्या डोळ्यांपुढे होती आणि व्हर्ना दमून चुकली होती, पाचव्यांदा.

"चौऱ्याऐंशी," डेल्फा म्हणाली. घंटेसारखं, स्वच्छ.

मग तिला कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, पण आकडा दोराच्या पलीकडे गेला होता.

प्रुइट हळू म्हणाले, "ईनक. दुसरा आवाज तुझा आहे."

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो.

"किती कमी पडले?" टॅकेटने विचारलं. त्याला गुणाकार चांगला येत होता, तरी विचारलं.

"चार पौंड, कर्नलसाहेब. चाळीस पोती," प्रुइट म्हणाले.

"चार पौंड म्हणजे एक कोंबडी झाली हो."

"हो."

"माझा घोडा घ्या. पन्नास पोत्यांचा आहे. दात बघा त्याचे."

"आवक बंद झाली, साहेब. घंटा तुम्हीही ऐकलीत." प्रुइट उद्धट बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनाही त्या वेळी तो घोडा घ्यावासा वाटला असेल. पण नकाशावर बोट ठेवून त्यांची सात वर्षं गेली होती.

टॅकेट दोरापर्यंत आला. दोर त्याने ओलांडला नाही, एवढी रीत त्याला होती. मुलगी पाटावरून उतरून अलीकडे उभी राहिली.

"बाबा, पर्सिमनचं झाड आहे का?"

"आहे. यंदा वाकलंय फळांनी."

"कढई?"

"धुरीघराजवळच मांडली. तू येणार म्हणून."

"बरं," ती म्हणाली. तो टोपी हातात घेऊन आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग गाड्या वळवायला सांगायला बाहेर गेला, आणि चारही भरलेल्या गाड्या जशा आल्या तशा परत गेल्या.

व्हर्नाला त्याच दुपारी काट्यावरून काढलं. तिने काही सबब सांगितली नाही. नजर चुकली असं म्हणाली असती तर प्रुइटनी मानलंही असतं. केरो गावच्या मिठाच्या वखारीत पोती शिवायला पाठवली. डेल्फा तिच्यापाशी धक्क्यावर गेली तेव्हा मी ऐकण्याइतका जवळ होतो. मुलगी म्हणत होती, "मावशी, मी मुद्दाम नाही हो." व्हर्ना तिची कॉलर सरळ करत होती. "ठाऊक आहे गं. मीच शिकवलंय," एवढंच म्हणाली.

पुढचं नदीला ठाऊक आहे. टॅकेटच्या कारभाऱ्याने ती गोष्ट संतापून गावोगाव सांगितली. पंथाची बदनामी करावी म्हणून. झालं उलटं. ज्या घरात घरी जायची आस लागलेली पोर स्वतःचं वजन चुकू देत नाही, त्या घरात माल तोलायला काय हरकत, असं लोक बोलायला लागले. त्या हिवाळ्यात अकरा नवे कर्नल मुलं घेऊन आले. डोंगरातले, टेनेसीतले, आजवर आम्हाला मीठचोर म्हणणारे. पाच वर्षांत एकवीस धक्के झाले. दहा वर्षांत पिट्सबर्गपासून मेम्फिसपर्यंत आमच्या मिठावाचून एक डुक्कर खारवलं जात नव्हतं, आणि खुद्द गव्हर्नरने आपला नातू आमच्या पायऱ्यांवर आणून उभा केला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती.

नातवाला तोललं डेल्फाने. ती आता पडूकाची थोरली आहे. तिने शपथ घेतली आहे. जमीन नाही, वारस नाही. टॅकेटचा धक्का तिच्याच सहीने चालतो. वर्षातून दोनदा तपासणीला जाते, तेव्हा मी वही घेऊन बरोबर असतो. धक्क्यापासून घर चालत पाव तासावर आहे. बाप गेल्यावर सावत्र भाऊ तिथे राहतो, भला मुलगा आहे, दर वेळी जेवायला बोलावतो. ती म्हणते, पुढच्या वेळी. मग तरीच्या कठड्याला टेकून वरच्या अंगाला बघत राहते. धूर कुठल्या बाजूने निघतो, ते बघत असावी. मी विचारत नाही.

गेल्या साली तिने मला विचारलं. वह्या मिळवून झाल्या होत्या.

"ईनककाका, त्या दिवशी तुम्ही काय म्हणणार होतात?"

"ऐंशी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेपुढे भले भले कर्नल आपली लपवलेली पिंपं कबूल करतात. मग तिने दौतीचं झाकण लावलं. "असेल," म्हणाली.

तर हिशोब असा उतरतो. काटेकरी पंथाने त्या दिवशी काही भरलं नाही. मिळाला मात्र एक धक्का, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर पुढची सगळी नदी. प्रुइट आपल्या बिछान्यात मेले. बर्डेट टॅकेटने धक्का भरला, तरीचं उत्पन्न भरलं, सात घोडे गमावले आणि चौथ्या हिवाळ्यात तोही गेला. व्हर्ना स्ट्राउडने एकोणीस वर्षं पोती शिवली. मिठाने बोटांची कातडी गेली, मग सुई धरता येईना, मग तिला वखारीच्या दारात बसवली. डेल्फा दरसाल तिच्याकडे लोणी पाठवायची. पोचपावती यायची, पत्र कधी आलं नाही. डेल्फाने भरलं घर. त्याची किंमत कशात लावायची ते मला ठाऊक नाही, म्हणून तो रकाना मी कोरा ठेवला आहे. ईनक टब्ज, कारकून: त्याला व्हर्नाची चुलीलगतची खोली मिळाली, ती हिवाळ्यात उबदार असते. भरणा काही नाही.